‘पॉइज’ कमी पडतो म्हणजे नेमकं काय कमी पडतं?

प्रिय मावशी,

मी ३४ वर्षांची आहे. बावधनला राहते आणि हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. गेल्या आठवड्यात अप्रेझल हातात पडलं. कामाबद्दल सगळं चांगलं लिहिलंय, ‘टेक्निकली स्ट्राँग’ वगैरे. शेवटी मात्र एक ओळ आहे : ‘नीड्स मोअर पॉइज.’ त्या ओळीपायी रेटिंग एक पायरी खाली आलं आणि पगारवाढही बेताचीच मिळाली.

ही ओळ कुठून आली ते मला ठाऊक आहे. जानेवारीत क्लायंटबरोबरच्या कॉलवर आमच्या सेल्समधल्या एकाने सांगून टाकलं, की डिलिव्हरी माझ्या टीममुळे लांबली. खरं तर ती तारीख त्याने आम्हाला न विचारता कबूल केली होती. ती जमणार नाही, असं मी त्याला दोनदा मेलवर लिहिलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुम्ही खोटं बोलताय.’ माझा आवाज कापायला लागला. मग मी कॅमेरा बंद केला आणि कॉल सोडून दिला. खाली पार्किंगमध्ये गेले आणि गाडीत बसून रडले.

डिक्शनरीत पाहिलं, तर पॉइज म्हणजे ‘बॅलन्स’ असं दिलंय. म्हणजे माझा मानसिक तोल ढळलाय, असं म्हणायचंय का त्यांना? नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. तो म्हणतो, ‘पॉइज हे दाटपणा मोजायचं माप आहे, तू जरा घट्ट हो.’ वर हसत हसत ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ हेही ऐकवलं. आईचं म्हणणं, बाईमाणसाने चारचौघांत आवाज चढवू नये. आणि आमच्याच टीममधल्या एका मुलाने मागच्या वर्षी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला होता, त्याच्या अप्रेझलमध्ये ‘पॅशनेट’ असं आलं होतं! त्यानेच दाखवलं मला.

या शब्दाचा खरा अर्थ काय आणि तो आला कुठून? आणि मी आता काय करू? गप्प बसायला शिकू, की नोकरी बदलू? माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने तो कागद पाहिला आणि विचारलं, ‘आई, पॉइज म्हणजे काय?’ मला सांगता आलं नाही.

— तोल गेलेली, बावधन

*

मावशी म्हटलंस, तेव्हा अहोजाहो बाजूला ठेवते.

आधी जावईबापूंचा हिशेब मिटवून टाकू. ते चुकीचं बोलले नाहीत, पण भलत्याच पॉइजबद्दल बोलले. द्रवाचा दाटपणा मोजायचं पॉइज नावाचं एक जुनं एकक आहे. पाणी भरतं साधारण एक सेंटिपॉइज, म्हणजे त्याचा शंभरावा भाग. पण ते नाव पडलं प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरवरून. एकोणिसाव्या शतकात बारीक नळ्यांमधून द्रव कसा वाहतो, हे या गृहस्थांनी मोजलं होतं. स्पेलिंग तेच दिसतं, पण नातं काडीचं नाही. एकाच वाड्यात दोन जोशी राहावेत आणि एकमेकांचे कुणी लागू नयेत, तसला प्रकार. उथळ पाण्याचं म्हणशील, तर दोनदा मेल लिहून ठेवणारी बायको उथळ असते का, एवढंच त्यांना विचार.

आता तुझा पॉइज.

इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून उचलला. तिथे त्याचा अर्थ होता वजन. अगदी वाण्याच्या दुकानातलं वजन. त्याच्यामागे लॅटिनमधला ‘पेन्सुम’, म्हणजे तोललेली वस्तू, आणि त्याच्याही मागे ‘पेंडेरे’ हे क्रियापद : टांगणे, आणि टांगून तोलणे. घड्याळाचं पेंड्युलम आणि गळ्यातलं पेंडंट याच घरचे. फ्रेंच लोक वजनाला अजून ‘प्वा’च म्हणतात, पण लिहिताना त्यात कुणीही न उच्चारणारा एक ‘द’ घालतात. मधल्या काळातल्या पंडितांना वाटलं, की हा शब्द ‘पोंडुस’ या दुसऱ्याच लॅटिन शब्दावरून आला असणार. म्हणून त्यांनी शुद्धलेखन सुधारलं आणि चूक कायमची करून ठेवली. असे पंडित आपल्या पेठांमध्येही निपजतात, तेव्हा फ्रेंचांना हसायला नको.

‘पेन्सुम’चा एक अर्थ तुला मुद्दाम सांगते. रोमन घरांमध्ये सूत कातणाऱ्या दासींना रोज सकाळी लोकर तोलून दिली जाई. ती दिवसभरात कातून संपवायची. त्या तोलून दिलेल्या लोकरीला पेन्सुम म्हणत, आणि पुढे नेमून दिलेल्या कुठल्याही कामाला तोच शब्द लागला. म्हणजे आज तुझ्यावर डागलेल्या शब्दाच्या मुळाशी बाईच्या पदरात घातलेला कामाचा वाटा आहे. हे वाचल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला होता.

आणखी आहे. रोममध्ये नाणी रुळण्याआधी ब्राँझचे तुकडे तराजूत घालून देणं चुकतं करत. त्यामुळे तोलणे या क्रियापदाला पैसे देणे हा अर्थ आपसूक चिकटला. पेन्शन तिथून आली, एक्स्पेन्स तिथून आला, स्टायपेंडही. तुझ्या त्याच कागदावर पगाराचा रकाना काढून बघ. तिथे बहुधा ‘कॉम्पेन्सेशन’ लिहिलेलं असेल, म्हणजे एकाला एक लावून तोलणे. एकाच पानावर साहेबांनी तुला एकाच धातूच्या दोन शब्दांनी तोललंय, एकदा रुपयांत आणि एकदा स्वभावात. त्यांना याचा पत्ताही नसेल.

आता काळाचा क्रम बघ, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडतं. पंधराव्या शतकात इंग्रजीत पॉइज म्हणजे वजन, जडपणा. तिथून महत्त्व. दोन्ही बाजूंना सारखं वजन असण्याचा अर्थ त्याला सोळाव्या शतकात मिळाला. मनाची स्थिरता हा अर्थ सतराव्या शतकातला आणि मान, खांदे, चाल कशी सावरून धरावी हा अठराव्या शतकातला. पुढे मुलींच्या डोक्यावर पुस्तकं ठेवून त्यांना चालायला लावणारे वर्ग निघाले, ते या शेवटच्या अर्थाच्या जिवावर. तुझ्या आईच्या मनात तोच अर्थ असावा. साहेबांच्या मनात चौथा आहे की पाचवा, हे त्यांनाच विचारावं लागेल. पण घराचा पाया पहिल्या अर्थाचा आहे. आधी वजन आलं, तोल त्याच्या मागून आला.

‘बॅलन्स’ वाचून तू घाबरलीस, पण तो शब्दही काही मनोविकाराच्या दवाखान्यातून आलेला नाही. लॅटिनमध्ये ‘बि’ म्हणजे दोन आणि ‘लान्क्स’ म्हणजे थाळी. दोन थाळ्यांचा तराजू, एवढाच बॅलन्स. आपल्याकडे मोबाइलमध्ये, बँकेत, पीएमपीच्या बसमध्ये उभं राहताना, सगळीकडे तोच संपतो किंवा जातो. तुझ्या मानसिक तोलावर कुणी बोट ठेवलेलं मला तरी या कागदात दिसत नाही.

(जिममध्ये डंबेलवर ‘एलबी’ लिहिलेलं असतं आणि वाचतात मात्र पाउंड, हे कोडं तुला कधी पडलंय का? रोमन माणूस म्हणे ‘लिब्रा पोंडो’, म्हणजे तराजूचं एक माप वजनाने. लिहायला इंग्रजांनी पहिला शब्द घेतला आणि बोलायला दुसरा. इक्विलिब्रियममधला ‘लिब्र’ तोच, आणि नीट तोलून ठरवतात ते ‘डिलिबरेट’ही त्यातलंच. हे विषयाला सोडून आहे, पण मला राहवलं नाही.)

मराठीत पॉइजला काय म्हणावं? डौल म्हणून बघितलं, पण डौल चालीत असतो, बैलाच्याही असतो. पोक्तपणा म्हटलं की केस पांढरे दिसायला लागतात. ‘समतोल’ म्हटलं की आहारतज्ज्ञ आठवतो. मला विचारशील तर ‘वजन’. ‘त्यांच्या शब्दाला वजन आहे’ असं आपण म्हणतो ना, तोच पंधराव्या शतकातला पॉइज. ‘भारदस्त’ माणसातही भार आहेच. गुरू या शब्दाचा मूळ अर्थ जड, आणि गौरव म्हणजे त्या जडपणाचा मान. ज्याच्यात वजन, त्याला मान, हे आपल्याही भाषेला जुनंच ठाऊक आहे.

आणि तोल, तुला, तुलना, तोळा ही आपली मंडळी ज्या धातूची, तो ग्रीक आणि लॅटिनमध्येही आहे. अर्थ उचलणे, पेलणे. ग्रीकमध्ये त्यातून ‘तालांतोन’ झालं : आधी तराजू, मग एक ठरावीक वजन, मग तेवढ्या वजनाची चांदी. बायबलमधल्या एका दृष्टान्तात धनी नोकरांना असे तालांतोन सांभाळायला देतो. त्या गोष्टीमुळे शब्दाचा अर्थ देवाने दिलेली गुणवत्ता असा झाला, आणि तेच आपलं टॅलेंट. लॅटिनमधून आलेलं टॉलरेटही त्याच कुळातलं, पेलून धरणे. तुमच्या हिंजवडीत एचआरला हल्ली ‘टॅलेंट’ खातं म्हणतात असं माझी भाची सांगते. तराजूचं खातं म्हटलं तरी चालेल.

तोलून घेण्यात आपल्याकडे कधी अपमान नव्हता. १६६५ साली महाबळेश्वरला शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली. रुक्मिणीच्या तुळशीपत्राची गोष्ट तर कीर्तनात ऐकलेली असशीलच. समोरच्या पारड्यात काय ठेवलंय, त्यावर सगळं असतं. जिजाऊंच्या समोर सोनं होतं. तुझ्या समोर जानेवारीतला एक कॉल ठेवलाय.

इथे मला मंडई आठवते. १८८६ साली उघडलेली आपली मंडई. आता तिथे इलेक्ट्रॉनिक काटे आलेत, पण मी लग्न होऊन पेठेत आले तेव्हा तागडीच होती. माझ्या सासूबाई भाजी घेण्याआधी तागडी रिकामी उचलायला लावत. रिकामी पारडी सारखी दिसली तरच पुढची बोली. दोन पारडी मुळातच सारखी नसली, तर हलक्या बाजूला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात, त्याला पासंग म्हणतात. फारसीत ‘संग’ म्हणजे दगड, त्यातलाच हा. ‘तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ म्हणतो ना आपण, म्हणजे तोलायच्या मालात तर नाहीच, पण तो खडा म्हणूनही चालणार नाही. हा झाला उघड, इमानदारीचा पासंग. दुसरा चोरटा असतो : पारड्याच्या बुडाला चिकटवलेली चिंच. सासूबाई ती बोटाने चाचपून काढत आणि भाजीवालीच्या हातावर ठेवत. बोलत काही नसत. पुढच्या वेळी तीच बाई त्यांना मूठभर कोथिंबीर वर द्यायची.

टेबलावर हात आपटला तो ‘पॅशनेट’, आवाज कापला ती ‘पॉइज कमी असलेली’. ही चिंच मला दिसते. ती तुझ्या साहेबांनी जाणूनबुजून लावली असेल असं नाही. पुष्कळदा ती आधीच्या दुकानदाराने लावलेली असते आणि नवा मालक त्याच तागडीवर इमानाने तोलत राहतो. पण आहे ती आहे.

एवढं तुझ्या बाजूचं झालं. आता दुसरं सांगते, ते कडू लागेल.

मी इंटर सायन्सला होते तेव्हाची गोष्ट. पुढे माझी गाडी इंग्रजीकडे वळली, त्याला हेही एक कारण असेल. प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत ठेवलेला रासायनिक तराजू असायचा. पितळी वजनं लाकडी खोक्यात, उचलायची चिमट्याने, बोट लावायचं नाही. वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून काच खाली ओढायची. त्याची दांडी अकीकाच्या धारदार कडेवर टेकलेली असते, सुरीच्या पात्यावर टेकावी तशी. पुढे एक गोल मूठ असते. ती फिरवली की दांडी त्या धारेवरून उचलली जाऊन आधारावर बसते. आम्ही त्याला ‘अरेस्ट करणं’ म्हणायचो. नियम एकच आणि सक्त : वजन ठेवायचं किंवा काढायचं असेल, तर आधी दांडी अरेस्ट करायची. मी एकदा घाईत तशीच मोकळ्या दांडीवर पन्नास ग्रॅमचं वजन टाकलं. कर्र असा आवाज झाला. सरांनी येऊन फक्त काच वर केली, धार बघितली आणि ‘हा तराजू आता दोन महिने खोटं बोलेल’ असं म्हणून निघून गेले. त्या वर्षी माझी जर्नलवरची सही लांबली, ते सोड.

हा तराजू कसा चालतो, ते ऐक. दांडीचा गुरुत्वमध्य त्या धारेच्या किंचित खाली ठेवलेला असतो. तो फार खाली गेला, तर दांडी भक्कम राहते, पण मिलिग्रॅमने तिला काही कळत नाही, मठ्ठ होते. धारेच्या वर गेला तर कलंडते. धारेच्या अगदी जवळ, पण खालीच असला, तर तराजू अतिशय नाजूक होतो आणि बराच वेळ झुलत राहतो. आम्हाला तर काटा थांबायची वाटसुद्धा बघायची नसायची. डावीकडची तीन टोकं आणि उजवीकडची दोन टोकं टिपायची, सरासरी काढायची आणि काटा कुठे थांबणार ते झुलता झुलताच सांगायचं. तेव्हा तुझा आवाज कापला, डोळे भरले, हे मी दोष म्हणून धरतच नाही. चांगला तराजू झुलतोच. जे कॉलवर हलतसुद्धा नाहीत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा गुरुत्वमध्य पोटात गेलेला असतो.

मग चुकलं कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी.

एक, दांडी मोकळी असताना भार पडला आणि तू अरेस्ट केलं नाहीस. ‘तुम्ही खोटं बोलताय’ हे वाक्य खरं असलं, तरी क्लायंटसमोर ते माणसाबद्दलचं वाक्य झालं. तारखेबद्दलचं राहिलं नाही. त्या माणसाला आता तारखेचं उत्तर द्यायची गरजच उरली नाही, त्याला नुसतं दुखावलेलं दिसायचं होतं. तिथे एवढंच पुरलं असतं : ‘ही तारीख आमच्याकडून गेलेली नाही. या विषयावरच्या दोन मेल मी कॉल संपल्यावर सगळ्यांना पाठवते.’ आवाज कापत म्हटलं असतंस, तरी चाललं असतं.

दुसरी चूक मला जास्त लागते. तू उठून गेलीस. कॅमेरा बंद करून, कॉल सोडून. तुझ्याजवळ दोन मेल होत्या, म्हणजे खणखणीत वजन होतं. ते हातात घेऊन तू पारड्यावरून उतरलीस. मग समोरचं पारडं, त्यात फुंकरीएवढं काही असलं, तरी खालीच जाणार! साहेबांनी त्या अर्ध्या तासात पाहिलं ते रिकामं पारडं, आणि मार्चमध्ये त्यांनी तेच लिहिलं. शब्द त्यांनी आळसाने निवडला, पण पाहिलेलं खोटं नव्हतं. हे मान्य करायला तुला दोन दिवस लागले तर लागू देत.

आता कर काय, ते सांगते.

साहेबांकडून अर्धा तास मागून घे. समोरासमोर, मेलवर नको. जाताना भांडायला जाऊ नकोस आणि माफी मागायलाही जाऊ नकोस. फक्त विचार : ‘पॉइज या शब्दाने तुम्हाला कोणता प्रसंग आठवतो? एकच, की आणखीही?’ आणि गप्प बस. हे गप्प बसणं तुझ्या आईने सांगितलेल्या गप्प बसण्यापेक्षा वेगळं आहे, इथे उत्तर द्यायची पाळी त्यांची आहे. त्यांनी जानेवारीचा कॉल म्हटलं, तर मेलचे प्रिंट पुढे ठेव आणि म्हण, की मी कॉल सोडायला नको होता, ते माझ्याकडून चुकलं, पण तारखेचं हे असं होतं. चूक तुझ्या वाटणीची तेवढी घे, वर चवीला जास्तीची घेऊ नकोस. आपल्या बायकांना ती सवय असते. भाजी संपली की ‘मला नकोच होती’ म्हणण्याची.

त्यांनी दुसरे प्रसंग सांगितले, तर लिहून घे आणि घरी येऊन प्रामाणिकपणे बघ. कदाचित खरंच काही असेल. आणि प्रसंग आठवतच नसेल, नुसतं ‘एकंदर’ असं उत्तर आलं, तर समज, की समोरच्या पारड्यात काही नाही.

बहुतेक अप्रेझलच्या फॉर्ममध्ये कर्मचाऱ्याच्या अभिप्रायासाठी एक चौकट असते. लोक ती रिकामी सोडतात किंवा ‘धन्यवाद’ लिहितात. तू भर. चार ओळी, तारखांसह, विशेषणाविना. रेटिंग यंदा बदलेल, अशी आशा धरू नकोस, पण पुढच्या वर्षी कागद उघडणाऱ्याला दोन्ही पारडी दिसतील.

‘पॅशनेट’वाल्या मुलाचं नाव मात्र या भेटीत काढू नकोस. त्याने विश्वासाने दाखवलेला कागद आहे. आणि त्या घटकेला विषय तुझ्यावरून घसरून त्याच्यावर जाईल. चिंच दाखवायची असेल, तर सासूबाईंसारखी दाखवावी. साहेबांना मोघम विचार : ‘मीटिंगमध्ये राग दिसला, तर आपण सगळ्यांना एकाच शब्दाने मोजतो का?’ शहाणे असतील तर स्वतःच बुडाशी बोट घालतील. नसतील, आणि पुढच्या वर्षीही हाच शब्द याच पद्धतीने आला, तर मग नोकरी बदलण्याचा विचार जरूर कर. आत्ता, एका ओळीपायी, चांदणी चौकातली रोजची कसरत सोडून दुसऱ्या कुठल्या चौकातली पत्करायची घाई नको.

पुढचा असा कॉल येईल तेव्हासाठी एक मूठ आत्ताच ठरवून ठेव. माझी मूठ ‘एक मिनिट, मी हे लिहून घेते’ ही आहे. तीस वर्षं कॉलेजच्या स्टाफ मीटिंगांमध्ये ती मला पुरली. लिहून काय घ्यायचे, तर पुष्कळदा संध्याकाळच्या भाजीची यादी. पण तोवर दांडी आधारावर बसलेली असायची.

आईला काही समजवायला जाऊ नकोस. त्यांनी ज्या घरात दिवस काढले, तिथे आवाज चढवण्याची किंमत वेगळी होती. आणि पार्किंगमध्ये रडलीस, त्यात कमीपणा कसला? मी तर प्रयोगशाळेत, सरांच्या देखत रडले होते.

राहिली लेक. तिला डिक्शनरी दाखवू नकोस. कपाटातला एक प्लॅस्टिकचा हँगर घे आणि दाराच्या खुंटीला अडकव. दोन्ही टोकांना दोऱ्याने कागदी कप बांध. बहुधा ते सारखे राहणार नाहीत. मग तिलाच हलक्या बाजूला कागदाचा कपटा चिकटवायला सांग आणि त्याला पासंग म्हणतात, ते सांग. एका कपात पाच शेंगदाणे टाक आणि दुसऱ्यात तिला हवं ते टाकू दे, खोडरबर, मणी, काय सापडेल ते. सारखं झाल्यावरही हँगर लगेच थांबणार नाही, जरा वेळ डुलत राहील. किती वेळा डुलतोय ते तिला मोजू दे, आणि त्यालाच पॉइज म्हणतात म्हणून सांग.

शेंगदाणे भाजलेले घे, नंतर खाता येतील.